छोट्या नळीचं रिव्हॉल्व्हर आणि गॅरेजमधला दारूगोळा

मीनलने पाच गोळ्या झाडल्या, रिव्हॉल्व्हर उघडून टेबलावर ठेवलं आणि अंगठा नि पहिलं बोट यांच्यामधली जागा चोळत म्हणाली, "झालं माझं. उरलेला डबा तू संपव."

डब्यात पंचेचाळीस काडतुसं होती. मी दहा झाडली आणि मलाही पुरे वाटलं. तळहातावर कुणीतरी पट्टी मारतंय असं वाटत होतं, शाळेतल्यासारखी, आडवी धरून. दोन दिवसांनी तिच्या हातावर निळसर डाग उठला. तेव्हा लक्षात आलं, की प्रश्न नेमाचा नाहीच. ज्या वस्तूचा हाताला धाक बसला, तिचा सराव होत नाही. आणि सराव नसेल तर ती घरात ठेवण्यात काही अर्थ नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण भारतातले मित्र पहिल्यांदा हेच विचारतात. आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सच्या शेजारी चँडलरला राहतो. एच-१बी व्हिसावर होतो तोवर हा विषयच नव्हता. त्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर अमेरिकेत बंदूकही जवळ बाळगता येत नाही आणि काडतूसही. ग्रीनकार्ड आल्यावर ती आडकाठी गेली. मग गल्लीतल्या एका घरात भरदुपारी चोरी झाली आणि मीनलच म्हणाली, की शिकून घेऊ या. ओळखीच्या बऱ्याच जणांना हे पटलं नाही. काही जण अजूनही घरी आले की कपाटाकडे संशयाने बघतात. तो वाद मी इथे काढत नाही.

दुकानातल्या माणसाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ सगळ्यात छोटं रिव्हॉल्व्हर काढून दिलं. "बायकांना हेच आवडतं." पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशलचं, सांगाडा ॲल्युमिनियमचा, वजन १५ औंसांच्या आत-बाहेर, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम. नळी १.८७५ इंच, पाच सेंटिमीटरलाही कमी. पर्समध्ये मावेल असं. आम्हाला पर्समध्ये ठेवायचंच नव्हतं, घरात कुलपाच्या पेटीत ठेवायचं होतं. आता कळतं, की घरासाठी चार इंची नळीचं, चांगलं वजनदार स्टीलचं घ्यायला हवं होतं. वजनदार बंदूक झटका स्वतः पिते, हलकी तो हाताला देते. पण तेव्हा अक्कल नव्हती आणि पैसे भरून झाले होते.

.३८ स्पेशल हे काडतूस १८९८ सालचं आहे. त्या काळी काळी दारू वापरायचे, ती भरपूर लागायची, म्हणून पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, लांब: १.१५५ इंच. पुढे बिनधुराची दारू आली. तेवढ्याच कामाला ती काळ्या दारूच्या कितीतरी कमी लागते. पण पुंगळीची लांबी तशीच राहिली. म्हणजे आजच्या .३८ च्या पुंगळीत बहुतेक जागा रिकामीच असते. ही रिकामी जागा पुढे मला महागात पडणार होती.

छोट्या नळीचं दुखणं वेगळंच. गोळीला वेग मिळतो तो मागचा वायू तिला नळीभर ढकलत राहतो म्हणून. नळी दोन इंचांची असली की ढकलायला अंतरच उरत नाही. त्यात काडतुसं बसतात तो रिव्हॉल्व्हरचा फिरता सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये कागदाच्या जाडीएवढी फट असते, तिथूनही थोडा वायू निसटतो. हळू जळणारी दारू वापरली तर तिचा काही भाग नळीबाहेर जळतो. समोर हातभर जाळ, कानठळ्या आणि झटका, गोळीला मात्र त्यातलं फारसं काही नाही. 'प्लस पी' म्हणून जादा दाबाची काडतुसं मिळतात. साध्या .३८ ला दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड), प्लस पीला २०,०००. दुकानदाराने पहिल्या दिवशी आम्हाला तीच दिली होती. "जोरदार आहेत." होतीच.

मी यंत्रांचा इंजिनिअर, त्यामुळे रागाच्या भरात आधी कागद काढला. १५८ ग्रेनची गोळी, म्हणजे सव्वादहा ग्रॅम, आठशे फूट प्रतिसेकंदाने सुटली तर बंदूक उलट्या दिशेला किती वेगाने येईल? आणि १४८ ग्रेनची साडेसहाशेने सुटली तर? दारूच्या वायूचं वजनही धरलं. दुसऱ्या बाबतीत हाताला बसणारी ऊर्जा पहिलीच्या जवळपास निम्मी निघाली. कागद मीनलला दाखवला. ती म्हणाली, "मग ती निम्मीवाली आण की."

तीच मिळत नव्हती. १४८ ग्रेनची वॉडकटर ही जुनी, फक्त लक्ष्यावर मारायची गोळी आहे. पुढून अगदी सपाट, आणि पुंगळीत अशी बुडवलेली की काडतूस बघून वाटावं याच्यात गोळी घालायची राहूनच गेली. कागदावर ती पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल, स्वच्छ भोक पाडते. झटका कमी, आवाज कमी. पण दुकानात क्वचित दिसायची आणि दिसली तर डब्याची किंमत बघून हात मागे घ्यावा अशी. महिन्याला दोनशे गोळ्यांचा सराव करायचा तर परवडण्यासारखं नव्हतं.

म्हणून घरी काडतुसं भरायचं ठरलं. इथे स्वतःच्या वापरासाठी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात हे करायला जाऊ नका. तिथे शस्त्र कायद्याप्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा आहे.

सामान एका ओळखीच्या निवृत्त मेक्सिकन सुताराकडून जुनं घेतलं: एक हातदांड्याचा प्रेस, .३८ च्या डायचा, म्हणजे साच्यांचा, संच, तराजू, कॅलिपर. पद्धत तशी सोपी. झाडलेली पुंगळी फुगलेली असते. पहिल्या डायमध्ये ती दाबून मूळ मापाला येते आणि त्याच फटक्यात जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी तळाची टिकली, बाहेर पडतो. मग नवा प्रायमर बसवायचा. दुसऱ्या डायने पुंगळीचं तोंड किंचित फुलवायचं, म्हणजे गोळी आत जाताना खरवडली जात नाही. दारू घालायची. गोळी बसवायची. शेवटी तोंडाची कड गोळीवरच्या खाचेत आत वळवायची, त्याला क्रिंप म्हणतात. दांडा खाली, दांडा वर. उसाच्या जुन्या चरकावर बसल्यासारखं वाटतं, फक्त घाई केलेली चालत नाही.

पुंगळ्या मी बरणीत पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि स्टीलच्या बारीक काड्या घालून फिरवतो. दिवाळीच्या आधी पितळेची भांडी निघतात तशा झळझळीत निघतात. मीनलने पहिल्यांदा बघितलं आणि देवघरातली समई घेऊन आली. तिला थांबवावं लागलं. त्या पाण्यात प्रायमरमधलं शिसं असतं. ही बरणी, चाळण आणि टॉवेल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. हात धुतल्याशिवाय चहाचा कपही नाही.

दारू आणि प्रायमर मी गॅरेजमध्ये ठेवत नाही, मूळ डब्यांतच घरातल्या थंड कपाटात ठेवतो. ॲरिझोनाच्या जूनमध्ये गॅरेजात पापड वाळत घालावेत.

मग निवड सुरू झाली. वाटलं होतं आठवड्यात उरकेल. आठ महिने लागले.

आधी गोळी. तीन वजनं घेतली: ११०, १४८ आणि १५८ ग्रेन. ग्रेन हे जुनं इंग्रजी माप, पाउंडात सात हजार. ११० ची हलकी, म्हणून झटका सगळ्यात कमी असेल असं वाटलं. पण हलकी गोळी लोक वेगाने सोडतात, आणि काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या दारूच्या बऱ्याच मात्रा त्याच वेगासाठी दिलेल्या. झटका फारसा कमी नाही आणि भडका मात्र मोठा. शिवाय नेम. या रिव्हॉल्व्हरची साइट म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली एक खाच आणि पुढे एक पाती, हलवता येत नाही. ती साधारण जुन्या १५८ ग्रेनच्या हिशेबाने केलेली असते. जड गोळी नळीतून सावकाश निघते, तोवर झटक्याने नळीचं तोंड वर उचललेलं असतं, म्हणून ती वर लागते. हलकी पटकन निघून जाते आणि खाली लागते. पंधरा यार्डांवर माझ्या ११० च्या गोळ्या मधल्या काळ्या गोलाच्या चार बोटं खाली लागल्या. १५८ च्या बरोबर मध्यावर. १४८ च्या किंचित खाली, पण चालण्यासारख्या. ११० तिथेच बाद.

१५८ विरुद्ध १४८ चा निकाल मीनलच्या हाताने दिला. मी तिला न सांगता दोन्ही प्रकारची काडतुसं आलटून-पालटून देत होतो. प्रत्येक वेळी तिने बरोबर ओळखलं. "ही नको. ही बरी." वहीत मी तिच्या नावापुढे फुल्या आणि बरोबरच्या खुणा करत होतो. १४८ ला सगळ्या बरोबरच्या खुणा.

वॉडकटरमध्येही दोन जाती आहेत. एक मागून पोकळ, तिच्या शिशाचा घेर मऊ असतो आणि नळीच्या आट्यांत छान बसतो. पण दाब जरा जास्त झाला तर तो घेर फाटून नळीत अडकू शकतो. दुसरी दोन्हीकडून सारखी, भरीव. ती कशीही घातली तरी चालते. मी भरीव घेतली, वर रंगासारखा लेप असलेली, म्हणजे नळीत शिसं कमी चिकटतं आणि माझ्या बोटांनाही कमी लागतं.

दारूने मात्र घाम काढला.

पहिली दारू मी अतिशहाणपणाने निवडली. मोठ्या पाकळ्यांची, फुगीर, सावकाश जळणारी. विचार असा, की ही पुंगळीत एवढी जागा घेते की चुकून दोनदा पडली तर बाहेरच सांडेल, लगेच दिसेल. विचार चुकीचा नव्हता. पण दोन इंचांच्या नळीत ती पुरती जळायचीच नाही. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर सिलिंडर बंद होईना. भिंग घेऊन बघितलं तर रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या पात्याखाली न जळलेल्या दारूच्या तीन-चार पिवळट पाकळ्या. तिळाएवढ्या. तेवढ्याने अख्खं यंत्र ठप्प. तेव्हापासून पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे धरून दांड्याला खाडकन एकच फटका मारायचा ही सवय लावून घेतली. छोट्या रिव्हॉल्व्हरचा तो दांडाही आखूड असतो, हलक्या हाताने ढकललं तर पुंगळ्या अर्ध्यातच लटकतात.

दुसरी दारू जलद जळणारी, बारीक, घट्ट. नळीत पुरती जळली, चांदणी स्वच्छ, भडका जवळजवळ नाही. पण ती पुंगळीच्या तळाशी इतकीशी दिसते की दोनदा पडली तरी वरून बघणाऱ्याला पटकन कळायचं नाही. आणि तिचा दुसरा एक खेळ मला क्रोनोग्राफने दाखवला. क्रोनोग्राफ म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र. आधी नळी खाली करून, मग सावकाश आडवी करून झाडली, म्हणजे दारू गोळीच्या बाजूला गेलेली. मग नळी वर करून, आडवी करून झाडली, म्हणजे दारू प्रायमरच्या बाजूला. तीच काडतुसं, तीच मात्रा. दोन्हीत सरासरी साठ-सत्तर फुटांचा फरक. १८९८ सालची ती रिकामी जागा ही अशी बोलते.

या दोन्हींच्या मधली तिसरी घ्यायचं ठरलं. पण त्याआधी जे झालं ते सांगायला हवं, त्यात माझी चूक होती.

पहिल्या फुगीर दारूची शंभरेक काडतुसं उरली होती. ती संपवून टाकू म्हणून एका शनिवारी रेंजवर घेऊन गेलो. फिनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हरी म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याची मोठी सार्वजनिक रेंज आहे, तिथे. मीनल झाडत होती, मी मागे उभा. धाड. धाड. आणि मग फुस्स. कुकरची शिट्टी अर्धवट दबावी तसा आवाज. कागदावर भोक नाही. तिचं बोट पुढच्या गोळीसाठी चापावर आवळायला लागलं होतं. मी "थांब!" असा ओरडलो की आजूबाजूच्या चार टेबलांवरचे लोकही थांबले.

गोळी नळीतच अडकली होती. पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी सिलिंडरमधून निघून नळीच्या सुरुवातीलाच रुतून बसली होती. तिच्यामागून दुसरी गोळी सुटली असती तर नळी फुगली किंवा फुटली असती. ती मीनलच्या हातात असताना.

रेंजवरचा माणूस आला. त्याच्यासमोर रिव्हॉल्व्हर रिकामं केलं. घरी येऊन नळीत दोन थेंब तेल सोडलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी पितळेची सळई घालून लाकडी हातोडीने ठोकून गोळी मागे काढली. दारू का पडली नाही तेही सापडलं. मोठ्या पाकळ्यांची दारू ती मापून सोडणाऱ्या भरणीच्या नळकांड्यात कमान धरून अडकली होती. एका पुंगळीला मिळाली नाही, मग पुढच्या पुंगळीला दोघींची मिळाली असणार. त्या रात्री उरलेली सगळी काडतुसं एकेक करून फोडली. त्यासाठी पोकळ हातोडी मिळते, काडतूस तिच्यात अडकवून फरशीवर आपटायचं, धक्क्याने गोळी आणि दारू सुटून येते. चौऱ्यांशी वेळा आपटली. त्यातल्या एका पुंगळीतून दुप्पट दारू निघाली. ती मी तराजूवर तीनदा तोलली.

ती दुप्पट सांडली का नाही, माझा हिशेब तर होता की सांडेल? वॉडकटरच्या कमी मात्रेत ती दुप्पट झाली तरी काठाच्या खालीच राहत होती, सांडत नव्हती. पुस्तकातली मोठी मात्रा डोळ्यांसमोर ठेवून केलेला हिशेब मी लहान मात्रेला लावला होता.

मीनलने महिनाभर रेंजचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

ऑक्टोबरात बाबा आले, सहा महिन्यांसाठी. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. कारखाना १८६९ सालचा. माझं लहानपण त्याच्या भोंग्यावर गेलं. कारखान्यात काय करता हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. गेटवर काडेपेटी काढून ठेवावी लागते, एवढंच ठाऊक. आता मुलगा गॅरेजमध्ये काडतुसं भरतो हे मी फोनवर लपवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ते स्वतःच गॅरेजात आले.

प्रेस बघितला. ओळीने लावलेल्या पुंगळ्या बघितल्या. मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, हात नका लावू, तुमच्या व्हिसावर चालत नाही." इथल्या कायद्यात ॲम्युनिशन म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही, पुंगळी, प्रायमर, गोळी, दारू, सगळं त्यात येतं. पर्यटक व्हिसावरच्या माणसाने रिकामी पुंगळीही खिशात टाकू नये हे बरं. बाबांनी चहाचा कप शेल्फवर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग सहा महिने ते गॅरेजात आले की तसेच उभे राहायचे.

"दारू पडली की नाही हे कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"भरतो कोण?"

"मीच की."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे बनवणारं खातं वेगळं आणि पास करणारं वेगळं. बनवणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही रे, त्याला दिसतं ते आपण काय करायला निघालो होतो तेवढंच."

मी फुस्स झालेल्या काडतुसाचं त्यांना सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना मीनलने सांगितलं. बाबांनी भाकरी मोडता मोडता एकदाच माझ्याकडे बघितलं. एवढंच.

तिसऱ्या दारूवर काम सुरू झालं ते या पद्धतीने. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करायच्या. मी दारू घालायची, प्रत्येक दहावी तराजूवर बघायची. पन्नास झाल्या की मी बाजूला व्हायचं. मग मीनल टॉर्च घेऊन येते आणि एकेक पुंगळी वरून बघते. सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. तिच्या "हं" शिवाय एकही गोळी बसत नाही. मात्रेचा आकडा मी इथे लिहीत नाही, मुद्दाम. तो गोळी आणि दारू बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तकातून, ज्याने-त्याने आपल्या गोळीसाठी, खालच्या टोकापासून सुरू करून काढायचा असतो. अर्धा ग्रेन म्हणजे ०.०३२ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावरही सहज चुकेल एवढा.

मात्रा ठरल्यावर क्रिंपची परीक्षा. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटक्याने न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू बाहेर सरकतात. बंदूक मागे येते, पुंगळी तिच्याबरोबर येते, गोळी मात्र जागच्या जागी राहू बघते. पुरेशी सरकली तर सिलिंडर फिरत नाही. सिलिंडरमध्ये पाच घालायची, चार झाडायची, पाचवं काढून कॅलिपरने मोजायचं, परत घालायचं, पुन्हा चार. माझ्या वॉडकटरचं पाचवं काडतूस वीस झटके खाऊन मापात तसंच होतं. दुकानातल्या प्लस पीच्या एका काडतुसाच्या बाबतीत तसं म्हणता आलं नाही.

शेवटी जे हाती आलं त्याचा सरासरी वेग ६४० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास. कागदावर बघणाऱ्याला हसू येईल असा. सात यार्डांवर मीनलच्या पाचही गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या जातात. ती आता एका बैठकीत साठ झाडते आणि परतताना भूक लागली म्हणते. एक गैरसोय राहिली: सपाट तोंडामुळे काडतूस घाईत सिलिंडरच्या भोकात नीट जात नाही, कडेला अडतं.

कुलपाच्या पेटीत मात्र माझी काडतुसं नाहीत. तिथे कारखान्यात भरलेली १४८ ग्रेनची वॉडकटर आहेत, महागडी, पण वर्षाला एकच डबा लागतो. घरी भरलेली काडतुसं स्वसंरक्षणासाठी ठेवू नयेत असं इथले बरेच जाणकार सांगतात, आणि १९८९ सालच्या न्यू जर्सीतल्या एका प्रकरणाचा दाखला देतात. तिथे एका बाईला लागलेली गोळी किती अंतरावरून सुटली हे दारूच्या अवशेषांवरून ठरवायचं होतं, आणि काडतुसं तिच्या नवऱ्याने घरी भरलेली असल्यामुळे सगळाच घोळ झाला. कारखान्याच्या काडतुसाचा नमुना बाजारात मिळतो, तपासता येतो. माझ्या काडतुसाची साक्ष फक्त माझी वही देणार. शिवाय मला त्या पेटीतल्या पाच काडतुसांबद्दल रात्री शंका यायला नको आहे. कारखान्याच्या वॉडकटरचा झटका आणि नेम माझ्या काडतुसांसारखाच येतो, उलट तो तसा यावा म्हणूनच मी आठ महिने घालवले. सराव गॅरेजच्या मालावर, पेटीत कारखान्याचा.

छोट्या नळीतून पोकळ टोकाची, आत गेल्यावर फुलणारी गोळी घ्यावी असंही कुणी-कुणी सुचवलं. पण एवढ्या कमी वेगाला ती नेहमी फुलतेच असं नाही, आणि तिला फुलवण्याइतका वेग द्यायचा म्हणजे पुन्हा तो निळा डाग. आम्ही तो नाद सोडला.

बाबा मार्चमध्ये परत गेले. जायच्या आदल्या रविवारी गॅरेजात आम्ही तिघं होतो. बाबा हात मागे बांधून दाराशी, मी भरून बाजूला झालेलो, मीनल टॉर्च घेऊन ठोकळ्यावर वाकलेली. चौथ्या रांगेत ती थांबली.

"ही कमी वाटते."

मी काढून तोललं. बरोबर होतं, काट्यावर काटा. तसं तिला दाखवलं.

"असू दे बरोबर," ती म्हणाली. "ओत परत डब्यात."

मी बाबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. मी दारू डब्यात ओतली.